गाडी चालेल, तू नको

"खाली उतर."

मी उतरलो नाही. मला वाटलं, पुढच्या गाडीवाल्याला म्हणतायत.

"तुलाच सांगतोय. गाडी चालेल, तू नको."

सकाळची वेळ. शहराच्या पश्चिम टोकाला नव्याने बांधलेल्या क्रीडासंकुलाचं आवार. पांढऱ्या गाड्यांची रांग, प्रत्येकीच्या काचेवर स्पर्धेचं स्टिकर. बाहेरच्या देशांतून आलेल्या खेळाडूंना हॉटेलातून मैदानावर आणायचं आणि परत सोडायचं, हे आमचं काम. पहिला दिवस होता. सुरक्षेचे एक साहेब हातातल्या कागदावरून ड्रायव्हरांची नावं वाचत होते. माझं नाव त्यांनी पूर्ण वाचलं. माझं, वडिलांचं, आडनाव. रांगेतल्या माना वळल्या.

कारण ड्रायव्हर एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे, तीच हाक. मी शहात्तर. हिंजवडीला आयटी कंपन्या आल्या तेव्हापासून मी कर्मचाऱ्यांना घरून नेण्या-आणण्याच्या ड्यूटीवर होतो. मागच्या सीटवरच्या मुलीसुद्धा म्हणायच्या, "शहात्तर काका, उद्या पाच मिनिटं थांबा हं." मला ते आवडायचं. वाटायचं, ही नवी दुनिया आहे. इथे गाडी वेळेवर आली की पुरे. तुम्ही कोण, कुठल्या पेठेतले, नमाज पढता की आरती करता, कुणी विचारत नाही.

"कारण काय साहेब?" मी विचारलं.

"वरून आलंय."

"पोलीस घरी येऊन चौकशी करून गेलेत. लायसन, ठसे, सगळं दिलंय. काही निघालं का त्यात?"

"काही निघालं नाही. उतरतोस की उतरवू?"

मी उतरलो. शेजारी बावन्न उभा होता. वर्ध्याचा. धायरीत भाड्याच्या खोलीत राहायचा. कंपनीच्या पार्किंगमध्ये आम्ही रोज एका डब्यात जेवायचो. त्याची गाडी जुन्या मॉडेलची म्हणून साहेबांनी आधीच बाजूला काढली होती. त्यांनी माझी किल्ली त्याच्यासमोर धरली.

बावन्न म्हणाला, "काऊन साहेब? हा तर आपलाच मानूस आहे न."

"तुलाही घरी जायचंय का?"

बावन्नने किल्ली घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

मग कुत्रा आणला. गाडी आदल्या दिवशी तपासून झाली होती. पण आता मी तिच्यात बसलो होतो, म्हणून परत. सीटवरचा माझा टॉवेल एका शिपायाने चिमटीत धरून माझ्या अंगावर टाकला. आरशाला दसऱ्याचा झेंडूचा हार होता, वाळलेला. दर दसऱ्याला मी गाडीला हार घालतो, माझे वडील सायकलच्या दुकानात घालायचे तसा. तो हार राहू दिला. डॅशबोर्डवर आईने चिकटवलेली कुराणातली आयत तेवढी ब्लेडने खरवडून काढली.

घरी जायला बस नव्हती. स्पर्धेसाठी त्या रस्त्यावरच्या बसगाड्या वळवल्या होत्या. रिक्षांना मनाई होती. मी चालत निघालो. विद्यापीठाच्या चौकात दोरी धरून पोलीस उभे होते. शाळेच्या मुलांना कागदी झेंडे देऊन ओळीत उभं केलं होतं. ताफा येत होता. लोक थांबले, मीही थांबलो. मोटारसायकली गेल्या, मग बस, मग पांढऱ्या गाड्या.

त्यात माझी गाडी होती. डाव्या दाराचा पोचा मी ओळखला. बावन्न सरळ समोर बघत होता. मागच्या काचेतून एक गोरी मुलगी हसून हात हलवत होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी एक पाऊल पुढे झालो असेन. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, जरा बाजूला होता का? आम्हाला पण बघू द्या."

मी बाजूला झालो.

घरी बायकोने दार उघडलं. हातातला टॉवेल बघितला. "गाडी किधर है?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. तिने टॉवेल घेतला आणि धुवायला टाकला. दोनदा धुतला.

संध्याकाळी चौकीतून हवालदार आला. ओळखीचा. पंक्चर काढायला वडिलांकडे यायचा. नीट बोलला. "अहो, संशय वगैरे काही नाही. स्पर्धा संपेपर्यंत रोज संध्याकाळी चौकीत येऊन बसायचं. एवढंच."

"अटक आहे का?"

"छे हो! अटक कशाला? तुम्ही आपले या."

ट्रॅव्हल्सचा मालक नारायण पेठेत बसायचा. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "कंपनीने तुमचा गेटपास थांबवलाय. चौकीतून चांगला रिपोर्ट गेला की सुरू होईल. देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे, थोडा त्रास सगळ्यांनाच होतो. माझ्या बायकोला परवा लक्ष्मी रोडला जाता आलं नाही."

म्हणजे हिशेब साधा होता. बाकावर गप्प बसायचं, गेटपास परत मिळणार. गेटपास नाही तर ड्यूटी नाही. ड्यूटी नाही तर बँक गाडी ओढून नेणार. मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. का ते सांगता येत नाही. सगळेच इस्त्रीचे कपडे घालून आले होते.

बाक भिंतीला लावलेला होता. युनूस भंगारवाला, एक शिंपी, एक मोबाईल दुरुस्त करणारा, आणि मास्तर. मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. आमच्या पेठेतल्या अर्ध्या पोरांना गणित त्यांनीच शिकवलं. हवालदार त्यांना खुर्ची द्यायला गेला तर ते म्हणाले, "नको, मी माझ्या विद्यार्थ्यांत बसतो." त्यांना का बोलावलं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. हवालदारालाही नव्हतं.

युनूस म्हणायचा, "खेळाडूंना माणशी दोन पोलीस, आणि आपल्याला अख्खी चौकी. मियाँ, खरे पाहुणे आपणच."

आम्ही हसायचो. चहा आम्हीच मागवायचो, हवालदारांनाही पाजायचो.

चौकीत टीव्ही होता. आमच्यासमोरच. आपला खेळाडू जिंकला की टाळ्या पडायच्या. मीही वाजवायचो, मनापासून. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी सहज मान वळली. आपल्या एका मुलीने कुस्ती मारली होती. सगळी चौकी टाळ्या वाजवत होती. हवालदार टीव्हीकडे बघत नव्हता. तो आमच्या हातांकडे बघत होता. एकेकाच्या. कोण वाजवतो, कोण नाही. आधी कोण, नंतर कोण.

ते मी कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या टाळ्या माझ्या राहिल्या नाहीत. मी आधी त्याच्याकडे बघायचो, मग वाजवायचो. थोड्या जास्तच मोठ्याने. शेजारी बघितलं तर युनूसही तेच करत होता. म्हणजे त्यालाही कळलं होतं. आम्ही एकमेकांशी त्यावर एक शब्द बोललो नाही.

शेवटच्या संध्याकाळी हॉकीचा अंतिम सामना होता. पाहुण्यांना जेवायला शहरात नेणार होते, आणि ताफा आमच्या चौकीवरून जाणार होता. रस्त्याला दोन्ही बाजूंनी दोऱ्या लावल्या होत्या. चौकीतली मोरी तुंबलेली होती. मुतारी रस्त्याच्या पलीकडे.

मास्तरांना साखरेचा आजार होता. ते उठले. "जरा जाऊन येतो."

"रस्ता बंद आहे मास्तर. गाड्या जाऊ द्या."

मास्तर बसले. थोड्या वेळाने परत उठले. "माझा नाइलाज आहे. रस्ता मोकळाच आहे आत्ता. मी पटकन जाऊन येतो."

"ऑर्डर आहे. कुणाला दोरीपलीकडे सोडायचं नाही. एवढं धरा की. मॅच बघा, तिकडे लक्ष जाणार नाही."

एक शिपाई हसला. मास्तर बसले. गुडघ्यावर गुडघा घेतला. दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. ताफा आला नाही. रस्ता रिकामा होता. दिवे लागलेला, झाडून घेतलेला, पांढरे पट्टे मारलेला रिकामा रस्ता. मी दारातून बघत होतो. त्यावरून एक कुत्रं आरामात पलीकडे गेलं.

मग मला बाकावर ओल लागली.

मास्तर माझ्या शेजारी होते. पांढरा पायजमा होता त्यांचा, इस्त्रीचा. ते टीव्हीकडे बघत होते. अजिबात हलले नाहीत. युनूस टीव्हीकडे बघत होता. शिंपी टीव्हीकडे बघत होता. हवालदाराने फरशीकडे बघितलं आणि तोही टीव्हीकडे बघायला लागला.

त्याच वेळी आपला गोल झाला. सामना जिंकला. चौकी ओरडली. बाहेर फटाके वाजले.

आणि मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

ओल्या पायजम्यात बसून, सरळ समोर बघत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. हळू, एकसारख्या. वर्गात पोराने बरोबर उत्तर दिलं की वाजवायचे तशा.

माझे हात मांडीवर होते. हवालदार माझ्याकडे बघत होता.

"काय हो? जिंकलो आपण."

"बघितलं मी."

"मग वाजवा की टाळ्या."

"नाही वाजवणार."

चौकीतला आवाज खाली आला. युनूस पुटपुटला, "वाजव रे बाबा, आजचा शेवटचा दिवस आहे."

हवालदार जवळ आला. आवाज चढवला नाही. "मला रिपोर्ट लिहायचाय. विचार करा. देश जिंकला आणि तुम्हाला आनंद झाला नाही?"

"झाला," मी म्हणालो. "पण तो तुम्हाला दाखवायला मी इथे बसलेलो नाही. मास्तरांना आधी उठवा."

कुणी हललं नाही. मी उठलो. मास्तरांच्या दंडाला धरलं. ते म्हणाले, "राहू दे. बस खाली. तुझं नुकसान होईल." मी त्यांना उभं केलं आणि आम्ही दारातून बाहेर पडलो. मागून हवालदार ओरडला. मी वळलो नाही. दोरीपाशी शिपाई आडवा आला. मास्तरांच्या पायजम्याकडे त्याची नजर गेली. दोरी त्याने वर उचलली नाही, हातातून खाली सोडली. आम्ही तिच्यावरून पाय टाकून गेलो.

रिपोर्ट काय गेला ते मला कधी दाखवलं नाही. गेटपास आला नाही. मालकाने फोन उचलणं बंद केलं. बावन्न गाडी परत द्यायला घरी आला तेव्हा दारातच उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, सीट नाई हलवली मी. तुह्याच मापाची ठेवली. कंबर गेली माही."

मी त्याला आत बोलावलं नाही. त्याचा दोष नव्हता, तरी बोलावलं नाही. पुढे बँकेने गाडी नेली. आता मी दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. लोणी काळभोरहून भाजी आणतो.

मास्तर त्यानंतर रस्त्यावर फारसे दिसले नाहीत. ते गेले तेव्हा सबंध पेठ मातीला आली होती. तो हवालदारही आला होता, साध्या कपड्यांत, मागे उभा होता.

सुरक्षा नको असं मी म्हणत नाही. पाहुण्यांच्या पोरी ज्या गाडीत बसणार, तिचा ड्रायव्हर तपासायलाच हवा. मला तपासलं होतं. काही सापडलं नव्हतं. सापडलं नाही, तरी मला सोडलं नाही, बसवून ठेवलं.

मला त्रास देतात ते मास्तरांचे हात. टीव्हीवर सामना लागला की माझे हात आपोआप मांडीखाली जातात. शेजारच्या घरात लोक ओरडतात. त्या ओरडण्यामागून मला त्या टाळ्या ऐकू येतात. हळू, एकसारख्या. बायको टीव्ही बंद करते. तरी येतात.

आणि एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती. आम्हाला कुणी पकडून नेलं नव्हतं. हुकूम नव्हता, वॉरंट नव्हतं. बाहेरून कडी नव्हती. रोज संध्याकाळी आम्ही अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, आपल्या पायांनी चालत जात होतो. कैद त्यांची होती, पण तिच्यात जाऊन बसण्याची मेहनत आमची होती. उद्या कुणी विचारलं तर ते खरंच सांगतील, आम्ही कुणालाही अटक केली नाही. लोक स्वतःहून आले होते.

परवा एक नवा शिपाई आला. तरुण, सभ्य, कंपनीतल्या पोरासारखा बोलणारा. शहराबाहेरच्या मैदानावर मोठा सामना आहे. "काका, जस्ट फॉर्मॅलिटी आहे. दोन-तीन दिवस संध्याकाळी चौकीत येऊन बसा. टीव्ही आहे तिथे, मॅच बघा निवांत."

मी त्याला पाणी दिलं. मग म्हणालो, "येणार नाही."

"काका, अडचण काय आहे?"

"कुठल्या कायद्याखाली ते लिहून आण. कारण लिही. खाली तुमच्या साहेबांची सही आण. आणि मग मला धरून ने. याच गल्लीतून ने, उजेडात, लोक बघत असताना. विचारतील त्यांना तू उत्तर दे. पण मी माझ्या पायांनी चालत येणार नाही. या सामन्याला नाही आणि पुढच्याही कुठल्या सामन्याला येणार नाही."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "रिपोर्ट द्यावा लागेल मला," म्हणाला.

"दे," मी म्हणालो. "मी जे बोललो तेच लिही. एक शब्द कमी करू नकोस."