दाजींबरोबर गळ टाकताना

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे नवरे, राहू गावचे. कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर होते. काम तीन पाळ्यांत चालायचं, त्यामुळे त्यांची सुट्टी कधी सोमवारी यायची, कधी गुरुवारी. माझं तळेगाव ढमढेऱ्याला पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. त्यांचा फोन आला की मी शटर ओढायचो आणि मोटारसायकल काढायचो. अशी पंधराएक वर्षं आम्ही दोघं भीमेच्या काठाला गळ टाकत बसलो.

दाजींच्या वडिलांपर्यंत त्यांच्या घरात मेंढरं होती. दाजी स्वतः कधी मेंढरांमागे हिंडले नाहीत, पण तासन्‌तास न बोलता एका जागेवर नजर ठेवायची सवय त्यांच्यात कुठून तरी आली होती. मी उलटा. मला पाच मिनिटांनी दोरी ओढून बघायची घाई.

"काय बघतोय सारखं? मासा काय तुला फोन करून येणाराय?" ते म्हणायचे.

कुठल्या महिन्यात माशाला काय द्यायचं हे त्यांच्या अंगात होतं. पाऊसकाळात नदीला गढूळ पाणी आलं की ते गांडुळाशिवाय दुसरं काही लावत नसत. "आता त्याला दिसत न्हाई. वासावर येतोय." शेणखताच्या ढिगाखालची बोटाएवढी गांडुळं काढायची, गळावर पूर्ण ओवायची, शिसं जड लावायचं आणि काठाजवळच सोडायचं, कारण मधल्या धारेत मासा थांबत नाही. थंडीत पाणी नितळ झालं की गांडूळ बंद. मग कणीक आणि शेंगदाण्याची पेंड, त्यात चिमूटभर हळद. गोळी हरभऱ्याएवढीच, तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, बारीक, आणि ऊन वर आल्याशिवाय नदीवर जायचंच नाही. "गारठ्यात आपल्याला तरी खायला सुचतं का?" असं त्यांचं कारण.

पण त्यांचा खरा जीव उन्हाळ्यातल्या मरळीवर होता. मरळ गोळीला भुलत नाही. तिला हलणारं काहीतरी लागतं. कंपनीतल्या एका बंगाली वेल्डरनं त्यांना रबरी बेडूक दिला होता, पाठीशी दोन गळ लपवलेला. पाणवनस्पतीच्या मधे जिथं ताटाएवढी मोकळी जागा असेल, तिच्या पलीकडे तो टाकायचा आणि थांबत थांबत ओढत आणायचा. मरळ खालून येते आणि पाणी फुटल्याचा आवाज होतो. त्याच क्षणी हिसका द्यायचा नसतो.

"तोंडात घेतलाय, गिळलेला न्हाई. तीन आकडे मोज, मग मार," हे दाजींनी मला किती वेळा सांगितलं असेल. मी कधीच तीनपर्यंत पोचलो नाही. बेडूक एकटाच उडून परत यायचा आणि दाजी तोंड फिरवून हसायचे.

आषाढात मरळीची पिल्लं तांबूस झुबक्यानं पाण्यावर फिरतात, खाली आई राखण करत असते. तेव्हा तिला डिवचलं की ती हमखास गळाला येते. दाजी तेव्हा मरळीसाठी काठी उचलायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "ती खायला येत न्हाई, भांडायला येती. तिला कशाला धरायचं?"

नदी मात्र दर वर्षी खालावत गेली. जलपर्णी आधी पावसाळ्यानंतर यायची आणि पुरात वाहून जायची. मग ती बाराही महिने राहायला लागली. वाम मासळी दिसेनाशी झाली. गळाला येईल ती चिलापी, काटेरी आणि चिखलाच्या वासाची. मरळ वर्षाला दोन, मग एक. दाजी तक्रार करत नसत. फक्त बसायच्या जागा बदलत राहिले.

एका जानेवारीत पहिली पाळी करून कंपनीच्या बसमधून चौफुल्याला उतरताना त्यांचा उजवा पाय लुळा पडला आणि ते पायरीवरून खाली आले. बसमधल्या लोकांनी त्यांना दौंडच्या दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. मला बघून ते काहीतरी बोलायला लागले. मी कान जवळ नेला.

"तसं न्हाई," ते म्हणाले.

"काय तसं नाही, दाजी?"

"तसं न्हाई. तसं न्हाई."

ताईला वाटलं, त्यांना काही सांगायचंय. आम्ही अंदाज करत राहिलो. पाणी हवंय? कूस बदलायचीय? आईला बोलवायचंय? प्रत्येकाला उत्तर तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं की मेंदूत बोलण्याची जागा असते तिथं मार बसलाय, आणि एवढेच दोन शब्द शिल्लक राहिलेत. त्यांना म्हणायचं असेल एक, तोंडातून निघणार हेच. होय म्हणायचं असलं तरी हेच.

"पुन्हा येईल का बोलणं?" ताईनं विचारलं.

"जे यायचंय ते पहिल्या सहा महिन्यांत येतं," डॉक्टर म्हणाले.

ताई घरी रोज त्यांच्यासमोर वस्तू धरायची. "हे काय? तांब्या. म्हणा, तां-ब्या." दाजी तिच्या तोंडाकडे बघत ओठ हलवायचे, कपाळावर घाम यायचा, आणि निघायचं "तसं न्हाई." डाव्या हातानं ते स्वतःच्या मांडीवर मारून घ्यायचे. मे संपेपर्यंत काठी धरून अंगणात चार पावलं टाकता यायला लागली. बोलण्यात एका अक्षराचा फरक पडला नाही.

एका सकाळी ताईनं मला बाजूला घेतलं. "ह्यांना नदीवर नेशील का रे? दिवसभर भिंतीकडं बघत्यात. मी बोलते, टीव्ही लावते, कशातच मन न्हाई. तिथं गेल्यावर कदाचित..."

मोटारसायकलवर त्यांना तोल धरता येईना. मग ताईनं तिची जुनी सुती साडी आणली आणि त्यांना माझ्या पाठीशी बांधलं, दोन वेढे देऊन, गाठ माझ्या पोटावर. त्यांचं तोंड माझ्या खांद्यामागं होतं, श्वास मानेला लागत होता. बांधावरून जाताना आम्ही दोघं एकाच वेळी उसळायचो. काठाला पोचल्यावर मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, ती खुर्ची मी आदल्या दिवशीच तिथल्या एका शेडमध्ये ठेवून आलो होतो.

जलपर्णीत एक मोकळी जागा होती. मी रबरी बेडूक टाकला.

"तसं न्हाई," दाजी म्हणाले.

मी हळू ओढला.

"तसं न्हाई."

मी थांबलो, मग थोडा जोरात ओढला. तेच. उजवीकडे टाकला, डावीकडे टाकला. मी त्यांच्याकडे वळून त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होतो. वाकड्या तोंडावरून राग कुठला आणि आनंद कुठला हे कळत नव्हतं. एवढी वर्षं ज्या माणसानं प्रत्येक वेळी सांगितलं, तो शेजारीच बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि त्यातलं काहीही माझ्यापर्यंत येणार नव्हतं.

तासाभरानं पाणी फुटलं. मी लगेच हिसका दिला. बेडूक माझ्या पायाशी येऊन पडला.

दाजी रडायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या आजारात माणूस कारण नसताना रडतो, तिकडं लक्ष देऊ नका. मी त्यांचं तोंड पुसलं. कारण नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

तरी मी त्यांना नेत राहिलो, पंधरवड्यातून एकदा. पाऊसकाळात गांडुळं काढली. ती त्यांनी डाव्या हातात घेऊन पाहिली आणि खाली टाकून दिली. लहान होती की चुकीची होती, समजलं नाही. त्या पूर्ण हंगामात चिलापीशिवाय काही लागलं नाही. थंडीत मी कणीक आणि पेंड मळून नेली. गोळ्या करून त्यांच्या मांडीवरच्या ताटलीत ठेवल्या, म्हटलं, निदान गोळ्या हाताळण्यात तरी हात गुंतेल. मी पाण्यावरच्या तरंग्याकडे बघत होतो. वळलो तर दाजी त्या गोळ्या खात होते. ओठांच्या वाकड्या कोपऱ्यातून पिवळं पीठ गळत होतं. मी बोट घालून ते काढलं. घरी गेल्यावर ताईला काही बोललो नाही.

डॉक्टरांनी सांगितलेले सहा महिने कधीच उलटून गेले होते. ताई आता तांब्या दाखवत नव्हती. पण मी निघताना दर वेळी विचारायची, "आज काय घावलं का? ह्यांना बरं वाटंल काय घावलं तर." तिच्या त्या विचारण्यामुळेच मी ते केलं असं म्हणू शकतो, पण ते पूर्ण खरं नाही. मलाही ते हवं होतं.

दौंडला मासळीवाल्यांकडे टबात जिवंत मरळी मिळतात. तळ्यात खाद्य घालून वाढवलेल्या. मरळ हवेवर श्वास घेते, ओल्या पोत्यात घालून नेली तरी दोन-तीन तास जगते. एप्रिलमध्ये एका सकाळी मी हातभर लांबीची एक घेतली आणि पोत्यात गुंडाळून थेट नदीवर गेलो. काठाजवळच्या लव्हाळ्यात पोतं लपवलं, वर पाणी मारलं. मग राहूत जाऊन दाजींना आणलं.

त्यांना खुर्चीत बसवलं आणि रॉडऐवजी बांबूची साधी काठी डाव्या हातात दिली. "दाजी, आज तुम्ही धरा. मी तिकडून चारा टाकतो." तंगूस लांब ठेवला होता. लव्हाळ्याआड वाकून मी मरळीच्या ओठात गळ अडकवला आणि तिला पाण्यात सोडलं.

ती सुटली तशी काठी वाकली. दाजींनी ती सोडली नाही. डाव्या पायाची टाच मातीत रोवून ते खुर्चीत पुढं झाले. वर्षभरात पहिल्यांदा मला त्यांच्या अंगात जुने दाजी दिसले. काठी आडवी करून त्यांनी मासा जलपर्णीपासून फिरवला, मोकळ्यात आणला, दमवला. हे सगळं एका हातानं. मी ओरडत होतो, "सोडू नका दाजी! आणा, आणा!" आणि ओरडताना ते खोटं आहे हे विसरलो होतो.

मी पाण्यात उतरून मरळ उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग अंगठा तिच्या खालच्या ओठावर नेऊन तिथंच थांबले. टबाच्या भिंतीला घासून घासून तिचं नाक सोललेलं होतं, खालचा जबडा पांढरा पडला होता. अंगाचा रंगही फिका, पिवळट. नदीतली मरळ काळी असते. हे मला त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं आणि घेताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी लव्हाळ्याकडं पाहिलं. पोत्याचं एक टोक बाहेर दिसत होतं.

"तसं न्हाई," ते म्हणाले.

हळू म्हणाले, रागानं नाही. सव्वा वर्षात त्यांनी ते हजारो वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी त्यांना जे म्हणायचं होतं तेच तोंडातून आलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"चुकलं, दाजी," मी म्हणालो. त्यांनी मान फिरवली. मरळ मांडीवरून घसरून मातीत पडली, तोंड उघडझाप करत राहिली. तिचं काय करावं हे मला सुचेना. नदीत सोडली तरी त्या पाण्यात ती किती टिकली असती कोण जाणे. मी ती पुन्हा पोत्यात घातली.

घरी ताई दारातच उभी होती. पोतं बघून तिचा चेहरा उजळला. "धरली व्हय? ह्यांनी धरली?"

"दाजींनीच धरली," मी म्हणालो.

तिनं दाजींच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. संध्याकाळी तिनं कालवण केलं, शेजारच्या दोन घरांत वाटीवाटीनं देऊन आली आणि प्रत्येकीला सांगितलं. दाजींनी ताट डाव्या हातानं दूर सारलं. "दमल्यात आज," ताई म्हणाली. मी मात्र जेवलो. ती समोर बसून वाढत होती, आणि न जेवण्याचं कारण मला देता आलं नसतं.

त्यानंतर मी साडीचा वेढा घ्यायला गेलो की दाजी खाटेची कड धरून बसायचे. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ताईच म्हणाली, "राहू दे रे. त्यांना नको वाटतंय." का नको वाटतंय ते तिला मी अजून सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर त्यांना दुसरा झटका आला. या वेळी ते दोन शब्दही गेले आणि गिळणंही गेलं. नाकातून नळी घातली आहे. ताई दर दोन तासांनी त्यांची कूस बदलते, पाठीला पावडर लावते, नळीतून दूध आणि डाळीचं पाणी सोडते. डॉक्टरांना आता ती काही विचारत नाही.

मी दर रविवारी जातो. एकटा नदीवर जाऊन बघितलं एकदा. जलपर्णी या काठापासून त्या काठापर्यंत सलग झाली होती, गळ टाकायला वीतभर पाणी उघडं नव्हतं. थोडा वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो. ताई एकटीनं त्यांना उचलू शकत नाही, म्हणून आंघोळ घालायची ती रविवारीच. मी खांद्याखाली हात घालतो, ती पाय धरते. त्यांचे डोळे उघडे असतात, पण ते कोणाकडे बघतात हे आता सांगता येत नाही. मग आम्ही त्यांना कोरडं करतो, दुसऱ्या कुशीवर ठेवतो, आणि मी दुकान उघडायला तळेगावला परत येतो.