लाखेची पेनं आणि एक खोटी ओळ

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि छपाईत बिघडलेले कागद घरी आणायचे. छापील बाजूवर मी अक्षरं ओळखायला शिकले, मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली. 'जाहीर निषेध' हे शब्द मला बाराखडीबरोबरच पाठ झाले. कॉलेजात गेले तेव्हा माझी पक्की समजूत होती, की जे जे चुकतंय त्यावर एक पत्रक काढलं की निम्मं काम झालं.

आणीबाणी उठून तेव्हा वर्ष झालं होतं. नागपूरच्या इंदोऱ्यात आमच्यापासून चार घरं सोडून माझी आत्या राहायची. नवरा गेल्यावर ती इतवारीत एका म्हाताऱ्या बांगडीवाल्याकडे लाखेच्या बांगड्या करायला शिकली होती. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पुढे काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या बांगड्यांपुढे लाखेच्या बांगड्या मागे पडल्या. उस्तादांकडे पाच बायका उरल्या. आत्यानं मात्र घरी शेगडी मांडली आणि पेनं करायला घेतली. लाख अजून ती उस्तादांकडूनच आणायची.

"बांगडीत लाख गोल फिरते, इथं सरळ जाते, एवढंच," ती म्हणायची.

एवढंच नव्हतं. बांबूची बारीक पोकळ कांडी घ्यायची. लाख आणि राळ एकत्र मळून केलेला गोळा निखाऱ्यावर धरायचा. तो मऊ झाला की ओढून त्याची पट्टी कांडीभोवती गुंडाळायची, गुळगुळीत दगडावर लाकडी थापीनं लाटायची. मग रंगीत लाखेची कांडी त्या गरम अंगावर टेकवून पेन फिरवायचं, म्हणजे रेघ आपोआप वळत जाते. शेवटी तेलाच्या फडक्यानं पुसायचं आणि आत रिफील घालायची. सगळं लाख गरम असेपर्यंतच करायचं. त्यामुळे आत्या बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडायची आणि पेन दगडावरून उतरलं की तिथूनच पुढे बोलायची.

ही पेनं सीताबर्डीतला एक दुकानदार घ्यायचा. एकदा मी मैत्रिणीबरोबर त्या दुकानासमोरून जात होते. काचेच्या कपाटात आत्याची पेनं ओळीनं मांडलेली होती आणि खाली पाटी होती, 'जयपूरची खास हस्तकला'. लाल अंगावर पिवळी रेघ, टोकाशी जरा जाड होणारी. ती रेघ मी अंधारातही ओळखली असती.

घरी येऊन सांगितलं तर आत्या हसली. "त्याले जयपूर म्हणू दे, नाहीतर विलायत म्हणू दे. पेन तर माझंच हाय."

"पण लोकांना ते कळत नाही ना."

"लोकाईले लिहाचं हाय पेनानं. त्याईले काय करायचं माह्या नावाचं?"

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. दुसऱ्याच्या हाताचं काम तिसऱ्याच गावाच्या नावावर विकणं ही चोरी आहे, आणि चोरी सहन करणारा गप्प आहे म्हणून ती कमी होत नाही. आमच्या कॉलेजच्या गटात मी विषय मांडला. शनिवारी दुकानासमोर उभं राहायचं आणि पत्रक वाटायचं ठरलं. पत्रक अर्थात मीच लिहिलं. त्यात ही ओळ होती: 'या झळकत्या पेनांमागे इंदोऱ्यातल्या एका विधवेची भाजून काळी पडलेली बोटं आहेत.'

आत्याची बोटं भाजलेली नव्हती. मी तिच्या शेगडीपाशी शेकडो संध्याकाळी बसले होते, आणि तरी लिहिलं. कारण मी वाचलेल्या सगळ्या पत्रकांत कष्टकऱ्यांची बोटं भाजलेली असायची. धडधाकट बोटांसाठी कोण रस्त्यावर येणार, असं मला वाटलं.

बाबांनी खिळे जुळवताना विचारलं, "तिला वाचून दाखवलं?"

"शनिवारी कळेलच," मी म्हटलं. त्यांनी पुढची ओळ जुळवायला घेतली.

शनिवारच्या आधीच, मंगळवारी, गटातल्या दोघांनी उत्साहानं वीसेक पत्रकं इतवारीत वाटली. त्यातलं एक उस्तादांच्या गल्लीत पोचलं. इंदोऱ्यात लाखेची पेनं करणारी बाई एकच होती. नाव लिहायची गरज नव्हती.

बुधवारी आत्या लाख आणायला गेली आणि रिकाम्या हातानं परतली. ती सरळ आमच्या घरी आली, मी लिहीत होते तिथे माझ्या वहीवर तिनं दोन्ही हात उताणे ठेवले.

"पाह्य."

मी पाहिलं. स्वच्छ बोटं. नखांत थोडा लाल रंग.

"उस्ताद म्हणे, दाखव हात. साऱ्या बायांसमोर. म्हणे, मी तुले बोटं जाळाले शिकवलं काय? त्या बाया अशा हासल्या, मले तोंड लपवाले जागा नाही. मी लाख घेतलीच नाही. तशीच आली."

"आत्या, मी तुझ्याच बाजूनं लिहिलं."

"माह्या बाजूनं? ज्याले काम येत नाही त्याची बोटं भाजतात वं. बारा वर्सं झाली, माह्या बोटाले फोड नाही. अन् तू साऱ्या गावाले सांगतं का मी शिकाऊ हाय. दुकानदारानं जयपूर लिहिलं त्याचं मले काही वाटलं नाही. त्यानं माह्या कामाले नावं नाही ठेवली. तू ठेवली."

मी म्हणाले की लोकांना अन्यायाची धग जाणवावी म्हणून असं लिहावं लागतं. हे वाक्य मला तोंडपाठ होतं.

"चाल," ती म्हणाली. "धग पाहून घे."

तिच्या घरी तिनं शेगडी पेटवली. घरात उरलेला लाखेचा एक तुकडा होता. तिनं माझ्यासमोर पाण्याची वाटी ठेवली. "ओल्या बोटाले लाख चिकटत नाही. दर बारीले बोटं बुडव. बाकी काही अकलेचं काम नाही."

पहिल्यांदा मी बोटं बुडवली. पट्टी ओढली, गुंडाळली, ती एका बाजूला जाड झाली. ती सारखी करण्याच्या नादात मी पुन्हा हात घातला, कोरडा. लाख तर्जनीला चिकटली. मी ओरडले नाही, पण हात जोरात झटकला आणि कांडी निखाऱ्यात गेली.

आत्यानं माझं मनगट धरून बोट पाण्यात घातलं. तिचा राग गेला नव्हता, तरी पकड हलकी होती.

"आता हे बोट छाप," ती म्हणाली. "याचं नाव टाक."

पत्रकं चारशे ऐंशी उरली होती. मी गटाला सांगितलं की ती ओळ खोटी आहे, काळी करावी लागेल. एक जण म्हणाला, "घरचं माणूस आलं की झाली माघार." दुसऱ्यानं विचारलं, "बोटं काढली तर मग उरलं काय?"

"जयपूर उरलं," मी म्हटलं.

दोन दिवस आम्ही पट्टी आणि शाई घेऊन ओळ खोडत बसलो. शनिवारी दुकानासमोर उभे राहिलो. लोक पत्रक उजेडात धरून आधी खोडलेलंच वाचायचा प्रयत्न करत होते. दुकानदारानं पुढच्या महिन्यात पाटी बदलली. 'नागपूर' लिहिलं नाही, नुसतं 'खास हस्तकला' ठेवलं. पेनं घेणं त्यानं थांबवलं नाही. पण त्या शनिवारी आत्याकडे द्यायला पेनंच नव्हती. तिची शेगडी बंद होती, आणि ती स्वतःहून उस्तादांकडे जाणार नव्हती.

दुकानासमोर घोषणा देणं सोपं होतं. इतवारीत जायला मला त्या शनिवारनंतर आणखी दोन दिवस लागले.

उस्ताद दगडापाशी बसले होते. चार बायका बांगड्या लाटत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, "आत्याच्या बोटांबद्दल मी लिहिलं ते खोटं आहे. तिची बोटं भाजलेली नाहीत. मी न पाहता लिहिलं."

"न पाहता?" उस्ताद म्हणाले. "ती तर सांगे, भतीजी रोज शेगडीपाशी बसते म्हणून."

"बसत होते. पाहिलं नव्हतं."

एका बाईनं थापी न थांबवता विचारलं, "मग काहून लिहिलं वं?"

मला जी उत्तरं सुचली ती सगळी छापील होती. उस्तादांची नजर माझ्या तर्जनीवरच्या फोडाकडे गेली. ते हसले, बायकाही हसल्या. मग त्यांनी लाखेची वडी कागदात बांधून माझ्या हातात दिली. "तिचा हात हलका हाय. माझ्या साऱ्या बायांत हलका. सांग तिले, मी म्हटलं म्हणून."

मी वडी आत्यासमोर ठेवली आणि शब्दन् शब्द सांगितला. तिनं वडी उघडली नाही.

"बाया होत्या तिथं, तू बोलली तवा?"

"होत्या."

"किती?"

"चौघी."

"त्या दिवशी पाच होत्या. खिडकीपाशी बसते ती जाडी, सगळ्यात जोरानं हासली, ती होती?"

मी आठवून पाहिलं. खिडकीपाशी कोणी नव्हतं.

"मग उद्या अजून जा," आत्या म्हणाली, आणि शेगडीतली जुनी राख काढायला बसली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले.