गिरगाव ते दादर, एका धड टायरसाठी

त्या रविवारी सकाळी नऊला मी ठाकूरद्वारहून सायकल काढली, ती रागातच.

मी फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेते. टॅक्सीवाल्यांच्या मिनतवाऱ्या करून वैतागले, तेव्हा गेल्या वर्षी इलेक्ट्रिक सायकल घेतली. सायकलच चौतीस किलोची, त्यात मागच्या कॅरिअरवर मशीनची पंधरा किलोची बॅग. सगळं छान चाललं होतं, आणि मग दोन महिन्यांत ती तीनदा पंक्चर झाली.

तिसऱ्यांदा झाली ती गुरुवारी. लालबागला माझे एक पेशंट आहेत, पेडणेकर काका. आयुष्य गिरणीत गेलं, आता अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. चार महिन्यांच्या मेहनतीनंतर त्या दिवशी ते पहिल्यांदा आधाराशिवाय उभे राहणार होते. आणि मी सातरस्त्याला बसलेलं मागचं चाक घेऊन उभी! दोन पंक्चरवाल्यांनी "मोटरवाला चाक नहीं खोलेगा" म्हणून हात झटकले. काकूंना फोन करून सांगितलं, थोडा उशीर होतोय. ते काकांनी ऐकलं. "ती येईपर्यंत उभा राहून दाखवतो," म्हणाले आणि उठले. मी पोचले तेव्हा कपाळाला टाके घालायला नेलं होतं. हाड वाचलं. पण तेव्हापासून काका पाय जमिनीला टेकवायलाच तयार नव्हते.

म्हणून हा प्रवास. अंतर जेमतेम आठ किलोमीटर, पण अख्खा दिवस गेला. जड ई-बाइक चालवणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा.

पहिला थांबा गिरगावातच, जिथून सायकल घेतली ते शोरूम. तिन्ही वेळा त्यांनीच नवी ट्यूब घालून दिली होती. मॅनेजर हसतमुख.

"मॅडम, तुम्ही त्या लालबाग-परळ साइडला चालवता ना? तिकडचे रस्तेच तसे."

जणू गिरगावात गालिचे अंथरलेत! इथेही जिकडेतिकडे खोदलेलं, वर लोखंडी पत्रे, कडेला बांधकामाच्या तारा.

"आणि सामानही जास्त नेता तुम्ही."

"तुमच्या पत्रकात कॅरिअरला पंचवीस किलो चालतं असं छापलंय. माझी बॅग पंधराची आहे."

"ते कंपनी छापते, मॅडम."

माझ्या बॅगेत तिन्ही जुन्या ट्यूब होत्या. भांडायला पुरावा असावा म्हणून जपून ठेवलेल्या. त्यांनी त्यांना हातही लावला नाही. हवा भरली आणि तशीच निघाले.

लॅमिंग्टन रोडने सातरस्ता आणि तिथून चिंचपोकळी. तुम्ही याच रस्त्याने जाणार असाल तर रविवारी सकाळीच जा, आणि कडेच्या पेव्हर ब्लॉकवरून सायकल नेऊ नका. दोन ब्लॉकच्या फटीत चाक कसं दाबलं जातं ते मला आता कळलंय.

चिंचपोकळी स्टेशनजवळ शेट्ये मामांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. एका पेशंटने पत्ता दिला होता. सत्तरीचा माणूस, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. मी तक्रारींचा पाढा सुरू केला तसा त्यांनी हात वर केला.

"थांब गो. आधी ट्यूबा काढ."

त्यांनी मागचं चाक उतरवलं. मोटरची वायर सोडवायची, मोठे नट काढायचे, सगळी मिळून दहा मिनिटं. हेच त्या दोघा पंक्चरवाल्यांना जमलं नव्हतं! मग एकेका ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधलं आणि वॉल्व्ह जागेवर धरून ती ट्यूब चाकावर लावून पाहिली. पहिलीचं भोक बाहेरच्या बाजूला होतं, रस्त्याकडच्या. उरलेल्या दोन्ही त्यांनी पुन्हा लावून पाहिल्या.

"ही भोकां आतून पडली हत. रस्त्याचो काय संबंध?"

त्यांनी माझं बोट धरून रिमच्या आतून फिरवलं. आऱ्यांची टोकं टोचली. त्यांच्यावर जी पट्टी असायला हवी ती पातळ रबराची होती आणि एका बाजूला सरकली होती. ट्यूब रोज त्या टोकांवर घासत होती.

"तीनदा टायर खोलल्यानी, एकदाय आत बघूक नाय?"

मी फुटपाथवरच बसले. संताप म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दोन महिने मी मुंबईच्या रस्त्यांना शिव्या घालत होते. काका पडले ते एका पट्टीपायी. ती सरकलेली बघायला एका मिनिटाचं काम होतं, आणि ते मिनिट कोणी दिलं नाही.

पहिलं पंक्चर मात्र तारेचंच होतं. मामांनी टायर अंगठ्याने दाबून दाखवला, कापडासारखा वाकला. म्हणाले, पट्टी मी जाड कापडी लावतो, पण टायर दादरहून आण. त्यांनी काय बघायचं ते सांगितलं, ते तसंच देते. मापाचे आकडे जुन्या टायरवर छापलेत तेच हवेत. नक्षीच्या खाली जाड रबराचा वेगळा थर हवा. बाजूला वजनाचा आकडा छापलेला असतो, तो वाचायचा. सायकल, आपण आणि सामान मिळून जे वजन होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मागच्या चाकावर येतं. आणि हवा दर आठवड्याला तपासायची. जड सायकलची हवा कमी झाली की खड्ड्यात रिमच ट्यूबला चावते.

सायकल मामांकडे सोडून मी परळ, हिंदमाता करत बसने दादर गाठलं. आधी साबुदाणा वडा खाल्ला, कारण उपाशीपोटी माझं भांडण लवकर सुरू होतं. तिसऱ्या दुकानात एकाने भरीव टायर पुढे केला.

"हवाच नको, मॅडम! आयुष्यभर पंक्चर नाही."

शेजारी एक डिलिव्हरीवाला ब्रेक बघत उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, नका घेऊ. मी लावला होता. महिन्यात आरे तुटले, कंबर गेली ती वेगळी."

दुकानदाराने त्याच्याकडे डोळे वटारले. मी दुसरा टायर मागितला आणि बाजूचा वजनाचा आकडा शोधायला लागले.

"ते कोण वाचतं?"

"मी वाचते."

पासष्ट किलो! माझ्या मागच्या चाकावर वजन सत्तरच्या पुढे जातं. हा टायर तो मला बिनदिक्कत विकणार होता. चौथ्या दुकानात एकशे पंधरावाला मिळाला, आत बोटाला जाणवेल असा जाड थर. दोन्ही टायर ट्यूबसकट साडेपाच हजार. महाग आहेत, आणि चाक जरा जड फिरतं, बॅटरी थोडी लवकर उतरते. तरी घ्या.

चारपर्यंत मामांनी सगळं बसवलं. तिथून पूल ओलांडला की लालबाग, म्हणून काकांकडे गेले. झालेलं सगळं सांगितलं. काका छताकडे बघत ऐकत होते.

"मग आता येशील ना वेळेवर?"

"येईन."

"बघू."

त्या दिवशी त्यांनी पाय खाली सोडले नाहीत.

परतताना शोरूम उघडं होतं. तिन्ही ट्यूब काउंटरवर मांडल्या, भोकं दाखवली, मामांनी काढलेली जुनी पट्टी दाखवली, आणि एक माणूस पडला तेही सांगितलं. मॅनेजरने ट्यूब बाजूला सरकवल्या. मग म्हणाला, "कंपनीला कळवतो. तुम्हाला एक बेल फ्री देतो, मॅडम." ती बेल मी त्याच्याच काउंटरवर ठेवून निघाले. घरी येऊन पाच जणांना फोन केले, ज्यांनी माझं ऐकून तिथूनच सायकल घेतली होती. दोघांची पट्टी सरकलेली निघाली.

याला आता दोन महिने झाले. परवा नक्षीत रुतलेली काच चिमट्याने उपटली, आत पोचली नव्हती. काका तीन आठवड्यांनी उठले, परवापासून वॉकर धरून खिडकीपर्यंत जातात. टायरबद्दल कोणी विचारलं तर मी ठामपणे सांगते, पैसे वसूल.

पण मला पाच मिनिटं जरी उशीर झाला, तरी काकू दार उघडता उघडता घाईने मागे वळून ओरडतात, "आली हो, आली! उठू नका!" ती भीती त्या घरातून कुठला टायर काढणार?