नाकावर चाललेलं दुकान

मामा गाडीच्या मागे उकिडवे बसत. डावा तळहात सायलेन्सरच्या तोंडापाशी धरत, धूर ओंजळीत घेतल्यासारखा नाकाशी नेत आणि डोळे मिटून घेत. भोवती चार गिऱ्हाइकं उभी असली तरी तेवढा वेळ कुणी तोंड उघडत नसे. मग निकाल लागे.

"उपाशी हाये."

नाहीतर, "अजीर्ण झालं हिले."

आणि आठवड्यातून एखाद्या वेळी, गाडीच्या मालकाकडे अभिमानानं पाहत, "पोटभर!"

मोताळ्यात दुचाकी असलेल्या प्रत्येकाला ही भाषा पाठ होती. उपाशी म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त, अजीर्ण म्हणजे त्याच्या उलट. इतर मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकत, मामा वास घेत. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेलच, ज्याचं एक इंद्रिय सगळ्या तालुक्याच्या कामी येतं.

ते माझे मामा नव्हेत, कुणाचेच नव्हते. पण शाळेतल्या पोरापासून तहसीलच्या साहेबापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. सुरुवात त्यांनी कपाशीवरच्या फवारणीचे पंप दुरुस्त करण्यापासून केली, मग लुना, मग मोटारसायकली. मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवतो. आमची ओळख माझ्या जुन्या स्कूटरमुळे झाली आणि स्कूटर भंगारात गेल्यावरही टिकली. मला संध्याकाळी त्यांच्या दुकानातल्या बाकावर बसायला आवडे. शाळेत दिवसभर मी बोलायचो, इथे मला कुणी बोलू देत नसे.

स्वभावानं माणूस भारी ताठ. एकदा एका गिऱ्हाइकानं दुसऱ्या मेकॅनिकचं मत सांगितलं, तर मामा हात पुसत म्हणाले, "मंग त्याच्याच कडे जा ना बाप्पा. त्याचं नाक तुमाले पटलं असन." गिऱ्हाईक गेलं नाही. गाडी तिथेच सोडून पायी घरी गेलं.

मोठ्या साथीच्या त्या वर्षी मामांनाही ताप आला. आठ दिवसांत उतरला, पंधराव्या दिवशी दुकान उघडलं. पुन्हा तेच उकिडवं बसणं, तीच ओंजळ, तेच डोळे मिटणं. कुणाला काही वेगळं दिसलं नाही. मलाही नाही, आणि मी स्वतःला फार बारीक पाहणारा समजतो.

एका सकाळी शाळेत जाताना दुकानाशी थांबलो. मामा देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायच्या तयारीत होते. त्यांच्या पायाशी उभ्या असलेल्या मोपेडच्या नळीतून पेट्रोल ठिबकत होतं आणि फरशीवर चांगला हातभर ओघळ आला होता. मला तो वास रस्त्यावरूनच आला. मामांनी काडी पेटीवर टेकवली होती. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, अगदी पिरगाळलाच.

मामा चिडले नाहीत. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काडीपेटी गुपचूप खिशात घातली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून. काहीच येत नाही सर. ना पेट्रोल, ना भाजीची फोडणी." मग म्हणाले, "मामीले मालूम हाये. आता तुमाले मालूम झालं. तिसऱ्याले नको."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बुलडाण्याच्या डॉक्टरनं सांगतलं, येईन तं येईन, नाही तं नाही. एवढं तं मी बी सांगू शकतो."

इतके महिने ते प्लगचा रंग पाहून, सायलेन्सरला हात लावून, अनुभवाच्या जोरावर निभावून नेत होते. ओंजळ फक्त लोकांसाठी होती. शेजारच्या टायरवाल्यानं त्यांची जागा मागितली होती. "दिवाळीपावतर पाह्यतो," मामा म्हणाले. "जमलं तं जमलं, नाही तं देऊन टाकतो चाबी. हे दुकान नाकावर चालते सर. लोकायले समजलं की नाक गेलं, तं इथं हवा भराले बी कोणी येणार नाही."

त्या दिवशी शाळेत मी तिसरीकडेच होतो. मला त्या माणसाची कीव आली नाही, राग आला. आपल्यापासून इतके दिवस लपवलं म्हणून.

आता माझ्या मूर्खपणाकडे वळतो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी लांबच्या प्रवासाची एक जडशीळ मोटारसायकल घेतली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यावरून हिमालयात जायचं होतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून मी तिला मोकळा सायलेन्सर आणि मोठा एअर फिल्टर बसवून घेतला, तोही जळगावला जाऊन, मामांना न विचारता. तेव्हापासून अ‍ॅक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके फुटत आणि इंजिनाच्या गरमीनं पिंढऱ्या भाजून निघत.

"हिच्या नाकपुड्या मोठ्या करून ठेवल्या तुमी, आन् जेवण तेवढंच," मामांनी एका नजरेत सांगितलं. "मंग उपाशी राहीन नाही तं काय? गणित शिकवता ना पोराईले?"

यावरचा उपाय म्हणजे एक छोटी पेटी. गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टरला पेट्रोल सोडायचा हुकूम देतो, त्या दोघांच्या मध्ये ही पेटी बसते आणि हुकूम थोडा वाढवून पुढे पाठवते. तिला ट्यूनर म्हणतात. पूर्वी असल्या वस्तूंना मामा सरसकट "डब्बा" म्हणून हिणवायचे. मी ती मागवल्याचं सांगितलं तेव्हा शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. पण मामा पेटी हातात घेऊन बराच वेळ उलटीपालटी पाहत राहिले.

"हिच्यावर आकडे दिसतात म्हणता?"

"दिसतात. बटण दाबलं की एकेक आकडा पुढे जातो."

"मंग लावून पाहू. आकडे तं डोयानं पाहाले लागतात." दिवाळी तेव्हा दहा-बारा दिवसांवर आली होती.

काम मात्र त्यांनी बघत राहावं असं केलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. टाकी वर उचलून तिच्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. इंजेक्टरचा जोड सापडल्यावर मला जवळ बोलावलं. "पाहा. हे नोझल. फवारणीचा पंपच हाये, फक्त जरा अक्कलवाला." तो जोड सोडवून दोन टोकांच्या मधे पेटीची वायर बसवली, खट् असा आवाज आल्याशिवाय सोडली नाही. पेटीची अर्थिंगची वायर थेट बॅटरीवर नेली. पेटी सीटखाली, इंजिनाच्या गरमीपासून लांब, पट्टीनं आवळली. वायरचं एकही टोक लोंबत ठेवलं नाही. नाक गेलं होतं, हात जागच्या जागी होते.

गाडी सुरू केली. मामा बटण दाबत गेले, तीन, चार, पाच. पुढच्या उन्हाळ्यात गाडी उपाशी पडायला नको म्हणून सहा. आमच्याकडचा कुठलाही मेकॅनिक हेच करेल. इथे गाड्या थंडीनं बंद पडत नाहीत, उन्हानं पडतात. मग सवयीनं मागे गेले, उकिडवे बसले, ओंजळ नाकाशी नेली. दुकानात पाच-सहा जण होते.

"पोटभर!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, इतका पेट्रोलचा भपकारा येत होता. बाकावरच्या एकानं हळूच तोंड फिरवलं. मला सांगता येत होतं. सांगायला हवं होतं. पण सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे त्यांच्या दुकानाला माझ्या हातानं कुलूप घालायचं. मी मान डोलावली आणि मला माझीच लाज वाटली.

"चला, राजूरच्या घाटात लोड देऊन पाहू," मामा म्हणाले. ते पुढे बसले, मी मागे.

घाटाच्या पायथ्याशी सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. मामांनी गाडी त्यांच्यासमोर उभी केली, इंजिन चालूच ठेवून. सगळ्यात जवळ बसलेल्या बाईनं, मामांच्याच वयाची असेल, पदर नाकाला लावला. तिच्या शेजारणीनंही लावला.

मामा तिच्याकडे पाहत राहिले. मग मान वळवून मला म्हणाले, "तुमाले दुकानातच वास आला होता ना?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"चारचौघांत कसं सांगू, मामा?"

ते गाडीवरून उतरले. मला वाटलं, आता हे चावी माझ्या हातात देणार आणि पायी परत निघणार. टायरवाल्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. पण मामा सरळ त्या बाईपुढे जाऊन उभे राहिले.

"बाई, मी मेकॅनिक हाओ. मले वास येत नाही. तापात गेला. तू सांग, कसा वास येऊन राह्यला?"

इतके महिने जे तिसऱ्या माणसापर्यंत जाऊ दिलं नव्हतं, ते त्यांनी भर रस्त्यात एका अनोळखी बाईला सांगून टाकलं. आवाज जरासुद्धा खाली न आणता.

बाई बावचळली. "मी काय मेकॅनिक हाओ का?"

"नाक तं हाये ना?"

"नाक हाये बाप्पा. लय घाण येऊन राह्यला. डोये चुरचुरतात."

मामांनी सीट उचलली, आकडा एकानं उतरवला, घाटात चार वळणं वर जाऊन आलो. पुन्हा बाईसमोर उभे. तिनं पदर बाजूला करून हुंगलं. "येते अजून." शेजारीण म्हणाली, काही येत नाही. पहिली म्हणाली, तुले सर्दी हाये, तू बोलू नको. तिसरी उठून आली, सायलेन्सरपाशी वाकली आणि पहिलीच्या बाजूनं कौल दिला. आकडा अजून एकानं उतरला, पुन्हा घाट. खाली येताना अ‍ॅक्सिलेटर सोडला तर एकही फटाका फुटला नाही.

या वेळी तिन्ही बायका आधीच उभ्या होत्या. तिघींनी हुंगलं, एकमेकींकडे पाहिलं.

"आता बरी हाये," पहिली म्हणाली.

मामांनी इंजिन थंड होऊ दिलं, प्लग काढला, पुसला नाही, तसाच उन्हात धरला. विटकरी रंग, जसा हवा तसा. त्यांनी तो मला दाखवला, मग त्या बाईलाही दाखवला, जणू तिनंच काम केलं होतं. तिच्याकडची उरलेली सगळी सीताफळं घेतली. मी ती मांडीवर धरून मोताळ्यापर्यंत आलो.

दुकानात अजून लोक होते. मामा आत जायच्या आधीच म्हणाले, "मघाशी मी चुकीचं सांगतलं. मले वास येत नाही. आजपासून ज्याची गाडी त्याचं नाक, बाकी काम माह्यं." आणि शेजारी वळून टायरवाल्याला मोठ्यानं सांगितलं, "दिवाळीनंतर बी इथंच हाओ रे!"

लोक येईनासे होतील ही भीती पार खोटी ठरली. उलट गर्दी वाढली. आपल्याच गाडीमागे उकिडवं बसून वास घ्यायला मिळतो याची लोकांना भारी मजा वाटू लागली. मामा समोर उभे राहून परीक्षा घेत. "नीट घे बे. घाई काऊन करतं?" मी त्यांना म्हटलं, मामा, आता मास्तर तुम्हीच झालात. ते खूश झाले, पण कबूल केलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले, झोपेतच. वास शेवटपर्यंत परत आला नाही. आता तिथे टायर टांगलेले असतात. टायरवाला चांगला माणूस आहे, पण मी त्या रस्त्यानं जायचं टाळतो.

त्यांची आठवण आली की मला एक फोन आठवतो. त्या दिवाळीनंतरच्या उन्हाळ्यात मी खरोखरच हिमालयात गेलो होतो. निघताना मामांनी बजावलं होतं, "उंचावर हवा पातळ राह्यते. तिथं अजीर्ण होऊ शकते. वर गेल्यावर फोन करजा." खिंडीत रेंज नव्हती. उतरल्यावर पहिल्या वस्तीत मिळाली. गाडी चालू होती, बोटं बधिर होती, धाप लागत होती.

"वास पाह्यला का?" पलीकडून पहिला प्रश्न.

"पाहिला. वरही पाहिला, आत्ताही पाहिला. काहीच येत नाही, मामा."

"काहीच नाही?"

"अजिबात नाही."

 मग हसल्याचा आवाज आला, मोकळा, पोटातून आलेला.

"मंग झालं सर," ते म्हणाले. "तुमाले बी येत नाही, मले बी येत नाही."