विहारातला डेमो

महिन्याभरापूर्वीचा रविवार. आमच्या नायगावच्या विहारात सकाळची वंदना आटोपली होती आणि व्हॅक्यूम क्लीनरचा डेमो सुरू व्हायचा होता. मशीन मी पसंत केलेलं, त्यामुळे मी जरा मिरवतच होते...

चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा विहारालाही तळमजल्यावर ऐसपैस हॉल मिळाला. पण शेजारच्या टॉवरचं काम अजून चालू आहे. दारं-खिडक्या लावल्या तरी सिमेंटची धूळ आत येतेच. कुणीतरी दान दिलेलं निळं कार्पेट बघता बघता राखाडी झालं, आणि झाडू मारला की वंदनेला बसलेली म्हातारी माणसं खोकत सुटायची.

मी परळच्या एका ऑफिसात ॲडमिन बघते, म्हणून कमिटीने मशीन निवडायचं काम माझ्यावर टाकलं. घरगुती मशीन सिमेंटपुढे टिकणार नाही, फिल्टर चांगला हवा, टाकी मोठी हवी, वायर मूर्तीपर्यंत पोचली पाहिजे... मीटिंगमध्ये मी अर्धा तास भाषण ठोकलं. मुख्य अट एकच होती, ते कुणालाही चालवता आलं पाहिजे. कारण आमच्याकडे सफाईला माणूस नाही, पाळी आहे.

पाळी म्हणजे आठवड्याला एक घर. दाराशी यादी लावलेली असते. डॉक्टर असो की ड्रायव्हर, पाळी कुणाला चुकत नाही.

फक्त एक सूट जुन्या माणसांनी ठेवली होती. जे महापालिकेत सफाईला आहेत त्यांनी विहारात झाडू धरायचा नाही, त्यांच्या घरातल्या दुसऱ्या कुणीतरी धरायचा. रोज मुंबई झाडणाऱ्या माणसाने इथे यायचं, हातपाय धुवायचे आणि बसायचं. बस्स.

माझी आई बत्तीस वर्षं महापालिकेत झाडूवाली होती. शिवडीच्या गोदामांकडचे रस्ते तिच्याकडे असायचे. विहारात मात्र ती पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसायची. आमची पाळी आली की मी आणि पप्पा झाडायचो आणि ती बाहेर उभी राहून बायकांशी गप्पा मारायची. आई अशी रिकाम्या हाताने उभी मी फक्त तिथेच पाहिली आहे.

तर डेमो. सेल्समनने मशीन चालवून दाखवलं आणि म्हणाला, आता तुमच्यापैकी कुणीतरी या. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "मॅडम, एखाद्या आजींना बोलवा ना... म्हणजे किती सोपं आहे ते सगळ्यांना पटेल."

आणि मी... उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"आई, तू ये. तुला सवय आहे."

आमचे अध्यक्ष जाधवकाका "अगं वैशाली..." एवढंच म्हणाले आणि थांबले. खोटं कशाला बोलू, मला तेव्हाही काही कळलं नाही.

आई उठली आणि तिने पदर खोचला. तो खोचलेला पदर पाहिला तेव्हा कुठे मला कळलं... ती कामावर निघताना अस्साच खोचायची. पण तोवर पाईप तिच्या हातात होता. भिंतीच्या कडेपासून तिने सुरुवात केली आणि एक पट्टाही न सोडता थेट मूर्तीपर्यंत गेली.

"आजी तर एकदम एक्सपर्ट निघाल्या!" सेल्समन म्हणाला. त्या बिचाऱ्याला काय माहीत. कुणीही हसलं नाही.

आईने मशीन बंद करून नीट कोपऱ्यात ठेवलं, मूर्तीसमोर वाकून हात जोडले आणि ती घरी निघून गेली.

पुढच्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे यायचे होते, ते काही आले नाहीत. मग पौर्णिमा आली... अंगात ताप असतानाही पौर्णिमेला विहारात जाणारी ही बाई, मेथी निवडत घरात बसून राहिली.

मी समोर बसले आणि माफी मागितली.

"तुझं काय चुकलं? सवय आहेच ना मला," ती म्हणाली. मेथी संपल्यावर म्हणाली, "रस्त्यावर लोक काय काय बोलायचे, मी कधी घरी आणलं नाही. काम होतं ते. विहारातही सगळ्यांना माहीत होतं गं, वैशू. पण मला झाडताना कुणी बघितलं नव्हतं."

मशीन घेतलं. उत्तम चालतं. कार्पेट परत निळं दिसायला लागलंय, खोकलाही कमी झालाय आणि लोक माझं कौतुक करतात... ते मला ऐकवत नाही. जाधवकाका दोनदा घरी येऊन गेले. आईने चहा केला, पण विषय काही काढू दिला नाही. ती अजून विहारात आलेली नाही.

मी मुद्दाम केलं नव्हतं, असं स्वतःला रोज सांगते. पण खरी लाज त्याचीच वाटते. एवढी शिकले, दहा जणांवर साहेबीण झाले, आणि झाडायचं म्हटल्यावर मलासुद्धा आधी आईच आठवली. बाहेरच्यांना मग कुठल्या तोंडाने बोलायचं?

गुडघ्यांमुळे आईने मुदतीआधीच नोकरी सोडली, तेव्हा वारसाहक्काने तिच्या जागी मी लागत होते. मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेले, घरात दुसरी कमाई नाही... पप्पा म्हणाले, सरकारी नोकरी आहे, घेऊ दे तिला. आईने फॉर्म भरू दिला नाही. "आपल्या घरातला झाडू माझ्यापाशी संपला," म्हणाली.

तो मी सगळ्यांच्या देखत परत तिच्या हातात दिला.