बाभळीवरची कन्नड अक्षरं

अक्कलकोट रोडच्या वखारीत परवा बाभूळ कापत होते. त्या तुरट वासानं मला लग्नानंतरचं वळसंगचं शेत आठवलं. मला कन्नड येत नव्हतं, आणि नवऱ्याची मामेबहीण, जिच्याशी आधी त्याचं ठरत होतं, ती आली की दोघं बांधावर बसून कन्नडातच बोलायची, खिदळायची. मी भाकरी वाढायची आणि आतल्या आत जळायची. एकदा ती गेल्यावर बांधावरच्या बाभळीची साल सुटलेली दिसली, आणि खाली लाकडावर गोलगोल, वळणदार काहीतरी कोरलेलं. कन्नडच! तिचंच नाव असणार. जेवण गेलं नाही मला. शेवटी सासूला हाताला धरून तिथं नेलं, म्हटलं, "वाचा, काय लिहिलंय तुमच्या लेकानं." सासूनं त्यावर बोट फिरवलं नि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अगं, किड्यानं पोखरलंय की हे! आन् मला तरी कुटं वाचता येतंय?" त्या ईर्ष्येनंच मी कन्नड शिकले. आता त्या दोघांचं सगळं कळतं: तूर, पाऊस, गुडघेदुखी. तरी अजून ती आली की मी माझा चहा दोघांच्या मधे बसूनच पिते.