गोजाबाईंना न सापडलेला चोर

माझ्या सगुणाआत्या खऱ्या होत्या का, असं लोक अजून विचारतात. मासिकात मी लिहिलेल्या त्यांच्या गोष्टी यायच्या, त्यांत त्या चोर पकडायच्या, वाचणारे हसायचे. खऱ्या होत्या. त्यांचं नाव गोजाबाई. आणि त्यांच्याकडे बघून हसू यावं असं त्यांच्या आयुष्यात फारसं काही नव्हतं, हे कुणी विचारत नाही म्हणून मीही सांगत नाही. आज सांगते.

सत्तावन्न सालची गोष्ट. पिंपरीला कंपनीच्या नव्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहायला गेलो. भोवती नुसता माळ आणि भिंतींना ओल्या चुन्याचा वास. कुणी साताऱ्याचं, कुणी बीडचं, कुणी रत्नागिरीचं. आमचे उद्धवराव शिफ्टला गेले की घर खायला उठायचं. मग मी लिहीत बसे. पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांना माझं विनोदी लिखाण आवडलं आणि त्यांनी कळवलं, एखादी बाई हेर निर्माण करा, तरुण, चटपटीत, काळा चष्मा लावून सायकलवरून फिरणारी. माझं डोकंच फिरलं. तेव्हाच्या पिंपरीत काळा चष्मा लावून सायकल मारणारी बाई निघाली असती, तर चोर राहिला बाजूला, सगळी वस्ती कामं टाकून तिच्याच मागे लागली असती.

त्याच आठवड्यात नळावरून माझा पितळी तांब्या गेला. ज्याचे त्याचे तांबे सारखेच, नावं कुणी घातलेली नाहीत, आता काय डोंबल सापडणार? शेवटच्या खोलीत राहणाऱ्या गोजाबाई तिथे धुणं धूत होत्या. त्या उठल्या, कौशल्याबाईंनी घासून ठेवलेल्या भांड्यांतून एक तांब्या उचलला, बुडाशी नखाने खरवडून वास घेतला आणि माझ्या हातात दिला. बाकी सगळ्या राखेने घासत आणि मी एकटी चिंचेने, हे त्यांनी कधीच हेरून ठेवलं होतं. कौशल्याबाई म्हणाल्या, अगं बाई, चुकून आला असेल. फोरमनची बायको, चार लेकरांची आई, ती काय तांब्या चोरणार होती? पण मला माझी सगुणाआत्या मिळाली.

गोजाबाई निघोज्याच्या. लग्नानंतर दोन पावसाळे झाले आणि नवरा सर्पदंशाने गेला. तेव्हापासून भावाच्या घरी राबल्या. भाऊ गेल्यावर भाचा ज्योतीराम कंपनीत लागला, त्याला रांधून घालायला म्हणून इकडे आल्या. ज्योतीराम मुलखाचा अबोल. आला की जेवायचा, झोपायचा, उठून पुन्हा कामाला. शेतावरच्या बाईला दोन खोल्यांत दिवसभर करायचं काय? त्या दारात बसून बघत राहायच्या. कोण कुठल्या चपला घालून गेलं, कुणाच्या चुलीचा धूर आज उशिरा निघाला, सगळं. लोक त्याला हुशारी म्हणत. मी म्हणते, ज्या बाईशी दिवसभर कुणी बोलत नाही तिला बघण्यावाचून दुसरं काय उरतं?

काही हरवलं की सगळ्यांना गोजाबाई आठवायच्या. कुणाची कोंबडी, कुणाचं दांडीवरचं लुगडं. सापडलं की मंडळी हसतखेळत आपापल्या घरी. चैत्रातल्या हळदीकुंकवाला घरोघर बोलावणी गेली, कैरीची डाळ झाली, पन्हं झालं, आणि त्यांच्या दारावरून आम्ही सगळ्या नटूनथटून गेलो. विधवेला कोण बोलावणार? त्या आपल्या आत सरकून बसल्या, आम्हाला अवघडायला नको म्हणून. मला आतून फार लागलं ते.

काही हरवलेलं नसताना त्यांच्याकडे जाणारी एकच, बीडची दुर्गाबाई. लग्नाला आठ-नऊ वर्षं होऊन गेलेली, मूल नाही. तीही तशी बाजूलाच पडलेली. दुपारी ताक घुसळलं की गडवाभर ताक घेऊन ती गोजाबाईंकडे यायची, वर लोण्याचा एक लहानसा गोळा तरंगत असायचा. मग दोघी ज्वारी निवडत बसायच्या आणि माहेरच्या गप्पा चालायच्या. गोजाबाईंना हसताना मी फक्त तेव्हाच बघितलं. ती यायच्या वेळेला त्या उंबरा पुसून ठेवायच्या.

त्या श्रावणात कौशल्याबाईंच्या देवघरातला बाळकृष्ण गेला. रांगता, पितळेचा, माहेराहून लग्नात आलेला. बाईंनी रडून आकांत मांडला. अर्थातच गोजाबाईंना बोलावणं गेलं आणि मीही मागोमाग गेले, खोटं कशाला बोलू, दिवाळी अंकाची गोष्ट डोळ्यांपुढे नाचत होती. देवघरात चांदीचं निरांजन जागच्या जागी. बाळकृष्णाच्या जागेवर अक्षता, आणि अक्षतांवर एक सुपारी मांडलेली. गोजाबाईंनी सुपारी नुसती पाहिली, हात लावला नाही. सुपारी ठेवून देव नेणारा चोर मीही कधी ऐकला नव्हता. दोन-चार दिवसांत सांगते म्हणाल्या आणि घरी गेल्या.

सगळी वस्ती वाट बघत राहिली. शेवटी नळावर सगळ्यांदेखत कौशल्याबाईंनी विचारलंच, काय हो, कळलं का? गोजाबाई बादलीकडे बघत म्हणाल्या, "न्हाई कळलं. म्हातारी झाले मी, आता न्हाई जमत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. कौशल्याबाई म्हणाल्या, उगाच हिच्या नादी लागले, पोलिसांत तरी वर्दी दिली असती. गोजाबाई भरलेली बादली उचलून गेल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला त्यांचा चेहरा वाचता येत होता, त्या चक्क खोटं बोलल्या होत्या.

दुपारी मी त्यांच्याकडे गेले आणि फटकन विचारलं, कुणाला वाचवताय? त्यांनी कोनाड्यातला गडवा माझ्यापुढे केला. दुर्गाबाईने आणलेलं ताक. त्यावर लोणी नव्हतं.

"पाच रोज झालं, लोणी न्हाई. देवाला जातंय त्ये."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दुर्गाबाईच्या माहेरी बायका असं मानत, की मूल नसलेल्या बाईने भरल्या घरातला बाळकृष्ण चोरून आणावा, त्याच्या जागी सुपारी ठेवावी, रोज लोणीसाखर दाखवावी. मूल झालं की देव मानाने परत नेऊन ठेवायचा. मात्र चोरी उघडी पडली तर कूस उजवत नाही. ज्वारी निवडता निवडता दुर्गाबाईने हे कधीतरी सांगून टाकलं होतं आणि आता बहुधा विसरली होती.

मी म्हटलं, अहो, पण सगळे तुम्हाला हसले. निदान तिला तरी सांगा, तुमच्या पोटात राहील म्हणून.

"तिला कळलं की मला कळलंय, तर तिचा जीव त्यातनं उडंल. मंग समदंच वाया. आन वैनी, ह्ये लिवू नगा."

मी नाही लिहिलं. दिवाळी अंकात सगुणाआत्यांनी हरवलेला बोकड शोधला आणि संपादकांनी पोट धरून हसल्याचं कळवलं.

इकडे गोजाबाईंकडे कुणी फिरकेना. एकदा हसं झालं ना, मग कोंबडी हरवली तरी लोक आपली आपण शोधायला लागले. पण त्याचं त्यांना एवढं नव्हतं. पौषात दुर्गाबाईला दिवस राहिले आणि तिची सासू बीडहून येऊन बसली. आल्या आल्या तिने सुनेला बजावलं, पांढऱ्या कपाळाच्या बाईची सावली नको. ताक बंद झालं. नळावर दुर्गाबाई दिसली की खाली मान घालून भराभर घागर भरायची. तिला सासूचा धाक होता, की गोजाबाईंच्या डोळ्यांना ती भीत होती, देव जाणे. मला विचाराल तर दोन्ही. मी एकदा रागाने म्हटलं, जाऊन सांगते त्या सासूला चार शब्द. गोजाबाईंनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, ती येत नाही तेच बरंय, तिच्यासमोर माझ्या तोंडावर काही लपायचं नाही. असं म्हणाल्या खऱ्या, पण दुपारच्या त्या वेळेला उंबरा पुसायचं काही त्यांनी सोडलं नाही. मला ते बघवायचं नाही. मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे, पण माझं बसणं वेगळं. मला ज्वारी निवडता येत नव्हती आणि आमच्या गप्पा जमत नव्हत्या.

दुर्गाबाई सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. सव्वा महिन्याने बारसं ठरलं. बोलावणं करायला ती स्वतः कौशल्याबाईंकडे जाऊन आली आणि त्या संध्याकाळी बाळकृष्ण देवघरात जागच्या जागी होता, डोक्यावर नवीन जरीची टोपी. कौशल्याबाईंनी काय ओळखलं असेल ते असो, सगळ्यांना मात्र त्या एकच सांगत होत्या, देव आपला आपण रांगत आला, गोजाबाईंनासुद्धा सापडला नव्हता हो.

बारशाला सारी वस्ती गेली. पाळणा फुलांनी सजवला होता, बायकांनी पाळणे म्हटले, घुगऱ्या वाटल्या. पोर गोरीपान, डोळे टपोरे. दुर्गाबाईच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझा तिच्यावरचा राग अर्धा विरघळला. अर्धाच. शेवटच्या खोलीकडे बोलावणं गेलं नव्हतं.

मी मूठभर जास्त घुगऱ्या पदरात बांधून घेतल्या आणि तडक गोजाबाईंकडे गेले. दार उघडंच होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधे दोनच घरं, पाळण्याची गाणी त्यांना सगळी ऐकू गेली असणार. मी घुगऱ्या ताटलीत घातल्या आणि ताटली पुढे केली. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि तो चावतच राहिल्या. साऱ्या वस्तीत कुणाच्या घरात काय चाललंय हे या बाईला न विचारता कळायचं. कुणाला कधी काही विचारायची पाळी तिच्यावर आली नव्हती.

त्यांनी ताटली बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"वैनी," त्या म्हणाल्या, "नाव काय ठिवलं हो पोरीचं?"